लग्नाची व्हॅन, दवाखान्याची मोटार

लोहाऱ्याच्या रसूलकडं दोन गाड्या होत्या, आणि साऱ्या गावाला त्यांचा अर्थ ठाऊक होता. काळी मोटार दिसली की समजायचं, कुणीतरी दवाखान्यात चाललंय. हिरवी व्हॅन दिसली की लग्न.

मोटार शहाणी. बटण दाबलं की सुरू, सोलापूरला जाऊन निमूट परत येणार. घर तिच्यावरच चालायचं. व्हॅन मात्र निजामाचं राज्य गेल्यावर एका जहागीरदारानं काढून टाकलेली. हँडल मारून खांदा निखळायची वेळ यायची, आणि चढ लागला की पाणी उकळलंच. वऱ्हाडानं उतरून तिला ढकलायचं, हा लग्नातला एक विधीच होऊन बसला होता. तरी रसूलचा जीव तिच्यावरच. आजाऱ्याला तो तिच्यात पाय ठेवू देत नसे. जिच्यात कुणी दम सोडला, तिच्यात नवरी कोण बसवणार?

बासष्टच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, सायराबीला, घरी न्यायला सांगितलं. आता काही उरलं नव्हतं.

"मोटार खाली उभी आहे," रसूल म्हणाला.

"मोटार नको. ती दारात थांबली की बाया गळा काढतील. अम्मीचा जीव तिथंच जाईल. व्हॅन आणा."

"वाटंत बंद पडली तर?"

"पडू द्या. तिच्यात बसलेली पहिली नवरी मीच की. मला काय नवी हाय ती?"

"आन् वाटंत तुला काही..."

"न्हाय होत. तुमच्या लाडकीचं नाव खराब करणार न्हाय मी."

शुद्ध खुळेपणा. पण रसूल गेला, आईला न सांगता व्हॅन घेऊन आला. आत गादी घातली, पडदे लावले.

नळदुर्गाच्या पुढच्या चढावर ती बंद पडलीच. वर ऊन, बोनेटमधून वाफ. रसूल हँडल मारत राहिला. मोटार असती तर एव्हाना घर आलं असतं, हे मनातून हलेना.

शेजारच्या रानातला ओळखीचा शेतकरी शांतलिंग गडी घेऊन धावत आला. "रसूलभाई, नवरी कुठली?"

रसूलनं पडद्याकडं पाहिलं. पडद्याआडून आवाज आला, "लोहाऱ्याची."

"मग लावा रे जोर! नवरीला उनात ठिवता व्हय?"

हसत, ओरडत त्यांनी व्हॅन चढावर नेली. उताराला इंजिन लागलं.

दारात म्हातारी अम्मी हसतच बाहेर आली. "कुणाची शादी रे?" सायराबी रसूलच्या खांद्याला धरून आपल्या पायांनी उंबरा ओलांडून गेली, आपल्या रांजणातलं पाणी प्याली. दुसऱ्या दिवशी फजरच्या नमाजाआधी ती गेली.

दिवाळीनंतर शांतलिंग लोहाऱ्याला आला. पोरीच्या लग्नाला व्हॅन हवी होती. "त्या दिवशीची नवरी सुखात हाय न्हवं?"

होय म्हणणं सोपं होतं. रसूलनं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "दुसऱ्या कुणाची गाडी बघा. रुसणार न्हाय मी."

शांतलिंग व्हॅनपाशी गेला, बोनेटवर हात ठेवला.

"चढावर ढकलाय लागंल का?"

"लागंल."

"मग गडी तयार ठिवतो."

रसूल उठला आणि हँडल शोधायला आत गेला.