आदर्श गल्लीतली मोटर

माझी नात पुण्यात इमारतींचे नकाशे काढायला शिकते. सुटीला घरी आली तेव्हा तिनं एका स्पर्धेसाठी लिहिलेलं मला वाचून दाखवलं. विषय होता शंभर वर्षांनंतरचं सोलापूर. तिचं मराठी तपासायचं काम माझ्याकडे असतं. शहर झकास होतं. रस्त्यांना सावली, भिंती गार राहणाऱ्या, नळाला चोवीस तास पाणी. "कुणालाच काही कमी नाही, म्हणून चोरी नाही," ती वाचत होती, "आडनावं रद्द झाली आहेत, म्हणून उच्चनीच नाही."

"तुझ्या त्या शहरात मी राहते का गं?"

"राहा की. तुला कोपऱ्यावरचं घर देते."

"मग चोरी होणार. ते वाक्य खोड."

ती हसली. मी काहीही बोलले तरी घरात हसतात. तेवढं नाव मी कमावलं आहे. "आजी, चोवीस तास पाणी असताना तू काय चोरशील?"

"पाणीच. मी तहान लागली म्हणून थोडीच चोरलं होतं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. चाळीसहून जास्त वर्षं ही गोष्ट घरातल्या एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस आता नाही. नातीनं लॅपटॉप मिटला. मग सांगावंच लागलं.

तेव्हाची मी म्हणजे एक नग होते. तिशीसुद्धा गाठली नव्हती, पण महिला मंडळाची सेक्रेटरी. कडक इस्त्रीची साडी, काखेत वही. मला जग सुधारायचं होतं आणि सुरुवात शेजारणींपासून करायची होती. शहरातल्या एका मंडळानं आदर्श गल्लीची स्पर्धा काढली तेव्हा मला रात्रभर झोप नाही. गल्लीच्या तोंडाशी भिंत रंगवून घेतली आणि स्वतः स्टुलावर चढून निळ्या अक्षरांत लिहिलं: इथे भांडण नाही, चोरी नाही, भेदभाव नाही. "भेदभाव" लिहिताना रंग पातळ झाला आणि ओघळ खालपर्यंत आले. मी म्हणाले, चालतंय.

परीक्षकांना हिरवाई दाखवायची म्हणून प्रत्येक दारापुढं फुलझाडांचा वाफा केला. वैशाखातलं सोलापूर आणि त्यात जास्वंद. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, तेही करंगळीएवढं. बायकांचे वाफे आठवड्यात वाळले. सेक्रेटरीबाईंचा वाळून कसा चालेल? मी नवऱ्याच्या मागं लागून अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आणवली आणि न्हाणीघरात बंबाच्या मागं बसवून सरळ नळाला जोडली. गल्लीतलं पाणी आमच्याकडं ओढलं जायला लागलं. आवाज येऊ नये म्हणून मोटरीवर टोपलं आणि टोपल्यावर दोन सोलापुरी चादरी. तरी घरघर यायचीच, म्हणून पाणी सुटलं की मी मोठ्यानं भजन म्हणायचे. माझा गळा म्हणजे फुटका पोंगा. पण गल्लीत बोललं जायचं की पाणी आलं की बाईंना देव आठवतो. ते ऐकून मला बरंसुद्धा वाटायचं.

घरात प्यायला कधी कमी पडलं नव्हतं. हौद भरलेला असायचा. मी चोरत होते ते जास्वंदीसाठी, आणि माझा वाफा सगळ्यांत हिरवा दिसावा म्हणून. हे नातीला सांगितलं तेव्हा ती नखं खायला लागली.

मग बाकीच्यांची पिपं भरेनात. खालच्या टोकाला बोंब झाली. कुणीतरी मोटर लावतंय, हे सगळ्यांना कळलं. कोण, ते शोधायला मंडळाची बैठक माझ्याच ओसरीवर बसली. त्याच आठवड्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या भाडेकरणीची आई तिला भेटायला आली होती, आणि कुठनं आलात असं कुणी विचारल्यावर सरळ बोलून गेली होती, सेटलमेंटातनं. इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात डांबलं होतं, तो हा भाग. तार कधीच निघाली होती. पण आमच्या बैठकीत खजिनदारीणबाई सुपारी कातरता कातरता एवढंच म्हणाल्या, "मग शोधायचं काय त्यात?"

आणि मी, वही उघडून, म्हणाले, "तपासणी तर केली पाहिजे."

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी आणि खजिनदारीणबाई तिच्या घरी गेलो. ती विशीतली पोर होती, कडेवर मूल. खजिनदारीणबाईंनी न्हाणीत बघितलं, चुलीमागं बघितलं, मग पिपाचं झाकण काढून आत वाकून बघितलं. पीप रिकामं होतं. तळाला दोन तांब्ये पाणी. मला वाटलं, सुटलो आपण, ती पण आणि मी पण. खजिनदारीणबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "बघितलंत? सगळं विकलंय," म्हणाल्या.

मी ते तसंच वहीत लिहिलं. घरमालकानं आठ दिवसांत त्यांना घर सोडायला लावलं. गल्लीला दुसरं बक्षीस मिळालं. बक्षिसाच्या फोटोत मी मान अशी धरली आहे की लचक भरलीये असं वाटावं.

"आणि त्या बाईंचं काय झालं?" नातीनं विचारलं.

ते मला माहीत होतं, हीच तर पंचाईत. विजापूर रोडला तिचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान आहे. गेली कितीतरी वर्षं मी रिक्षावाल्याला उगाच लांबच्या रस्त्यानं न्यायला लावते. नातीनं गाडीची किल्ली उचलली. "चल."

"आज गुडघा दुखतोय."

"गाडीवर गुडघ्याचं काय काम?"

दुकानात त्या बाईनं मला लगेच ओळखलं. केस पांढरे झालेत, पण हात चालूच. भाकऱ्या कागदात बांधत होती. "या वैनी. बसा."

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मोटर माझी होती. तिनं दोरी दातानं तोडली.

"मला ठावं हाय की."

"कसं?"

"भिंत एकच न्हवं आपली? हात लावला की थरथरायची. आन तुमचं ते गाणं. पोरगं दचकून उठायचं माझं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"कुणापाशी बोलू? सेक्रेटरी तुमीच. आन बोलले असते तर चोराच्या उलट्या बोंबा, असंच म्हणला असता सगळ्या."

मी माफी मागायला हात जोडले. तिनं दुसरा पुडा बांधायला घेतला. "ते ऱ्हाऊ द्या. मला नका सांगू, मी काय चोरलं न्हाय ते मला ठाव हाय. पिपात वाकलेली ती बाई हाय न्हवं अजून? गेल्या साली एका लग्नात माझ्या सुनेला म्हणली, व्हय व्हय, ह्या आमच्या गल्लीत होत्या की, ते पाण्याचं झालं तवा. सून घरी येऊन मला इचारती, आत्या, काय झालं हुतं? तिला जाऊन सांगा."

"सांगते, आणि तू चोर नव्हतीस हे त्यांच्याच तोंडून वदवून घेते," मी म्हणाले. भाकरीचे पैसे तिनं घेतले. चहा विचारला नाही.

खजिनदारीणबाई आता पंचाहत्तरीच्या पुढं आहेत, कान मात्र मांजरासारखे. माझ्या घरापासून तिसरं दार. त्या शेंगा फोडत होत्या. मी सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी मायेनं माझ्या मांडीवर हात ठेवला.

"हे तुम्हाला तिनं शिकवलं ना?"

"कुणी?"

"तिनंच. भेटलात म्हणे तिला. अहो, तुम्ही भोळ्या. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात काय भरवतील, नेम नाही त्या लोकांचा."

माझी चोरी मी कबूल करत होते आणि तीही तिच्याच खात्यावर जात होती. जन्मभर थट्टा केली त्याचं हे फळ, असंही वाटलं. मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि माझ्या न्हाणीघरात नेलं. बंब कधीच भंगारात गेला, मोटरही गेली, पण फरशीत तिचे चार बोल्ट गंजून तसेच राहिलेत. नातीनं मोबाइलचा उजेड धरला. खजिनदारीणबाई खूप वेळ वाकून बघत होत्या. मग चौरंगावर बसल्या. तोंड लहान झालं होतं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "माझं पीप भरत नव्हतं ते तुमच्यामुळं?"

"हो."

"माझी जास्वंद त्यामुळं वाळली?"

"हो. पण बाई, आपण त्या पोरीला—"

"मी हंडे घेऊन दुसऱ्या गल्लीत जात होते, दिवस गेलेले असताना," त्या म्हणाल्या आणि भिंत धरून निघून गेल्या.

त्यानंतर आमच्याकडं तीन पाणी झाली. आता पाणी चार-पाच दिवसांआड येतं, म्हणजे पंधरवडा गेला म्हणा. खजिनदारीणबाई माझ्याशी बोलत नाहीत, पण गल्लीशी बोलतात. मी चोर आहे हे सगळ्यांना पटलंय, नव्या सुनासुद्धा माझ्या पाइपाकडं बघून घेतात. त्यात मला काही वाटत नाही, उलट हे तेव्हाच व्हायला पाहिजे होतं. पण मी दारात उभं राहून प्रत्येकीला विचारते, "मग ती चोर नव्हती ना?" तेव्हा कुणी म्हणतं, नसेल बाई. कुणी म्हणतं, जुन्या गोष्टी कशाला. आणि एक कालची पोर, इंजिनिअर आहे, म्हणाली, "आजी, तेव्हा नसेल केली, पण नंतर काय माहीत."

नातीनं चोरी नाही म्हणणारं ते वाक्य अजून खोडलेलं नाही. नुसतंच त्याच्याकडं बघत बसते. उद्या पाणी आहे. मी सकाळी लवकर दारात जाऊन उभी राहणार, आणि खजिनदारीणबाई पाइप घेऊन बाहेर आल्या की पुन्हा विचारणार. उत्तर त्यांच्याच तोंडून पाहिजे. भाकरीच्या दुकानात मी सांगून आलेय.