हिरव्या बादलीतली कणीक

पीएचची पट्टी मी तीनदा टाकीतल्या स्लरीत, म्हणजे शेणकाल्यात, बुडवली. तिन्ही वेळा तिचा रंग सारखाच आला. टाकी आंबली होती.

संस्थेचे महाराज माझ्या मागे उभे होते. गॅसची शेगडी दोन दिवस पेटली नव्हती आणि साठ मुलांचे पोहे पुन्हा सिलिंडरवर होत होते.

"काका, माऊली रुसली का?" त्यांनी विचारलं.

त्या संस्थेत सगळ्यांनाच माऊली म्हणतात. मुलं एकमेकांना माऊली म्हणतात, दूधवाल्याला माऊली म्हणतात, आणि मी बसवलेल्या बायोगॅसच्या टाकीलाही महिन्याभरात माऊलीच म्हणू लागली होती. मी तेवढा काका.

"रुसली नाही, महाराज. तिला अपचन झालंय."

बारामतीहून इंदापूरकडे जाताना काटेवाडी ओलांडली की रस्त्यापासून थोडं आत ही वारकरी शिक्षण संस्था आहे. नाव देत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. मुलं तिथं राहून कीर्तन, गायन आणि पखवाज शिकतात. मी बत्तीस वर्षं एका डेअरीच्या ईटीपीवर काढली. ईटीपी म्हणजे कारखान्याचं घाण पाणी शुद्ध करणारा प्लांट. ते काम यंत्रं करत नाहीत, जिवाणू करतात. आमच्या भावकीत कुणी शेळ्या पाळल्या, कुणी गाई. मी जिवाणू पाळले. रिटायर होऊन जळोचीत घरी बसलो तेव्हा महाराजांनी बोलावलं. मुलांना पर्यावरणाची सवय लावा म्हणाले. मी टाकी बसवली.

सवय लावायला मी एक साधं सूत्र केलं. कुजतं ते हिरव्या बादलीत, कुजत नाही ते निळ्या बादलीत. हिरवी बादली टाकीत रिकामी करायची. भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं. ही मुलं पाठांतरात तरबेज. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या सूत्राला चाल लावली आणि टाळाच्या ठेक्यावर म्हणू लागली. डेअरीत बत्तीस वर्षांत माझी एक सूचना कुणी धड वाचली नव्हती, इथं तिचं भजन झालं. मी फुगलो.

सोपान नावाचा एक विद्यार्थी रोज एक शंका काढायचा.

"काका, कापलेली नखं कुजत्यात का?"

"कुजतात. पण फार वर्षांनी."

"मग फार वर्षांनी हिरव्यात टाकू का?"

अशी ही मंडळी. सांगितलेलं तंतोतंत करणारी. हे मी ध्यानात ठेवायला हवं होतं.

तर टाकी आंबली होती. बायोगॅसच्या टाकीत दोन जातींचे जिवाणू असतात. पहिले अन्न फोडून आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा गॅस करतात. पहिले खादाड आणि घाईचे, दुसरे संथ. एकदम भरपूर पीठ पडलं की पहिल्यांची चैन होते, आम्ल साचतं आणि दुसरे मरायला टेकतात. मी इनलेटचं, म्हणजे टाकीच्या तोंडाचं, झाकण काढलं. आत हात घातला तर बोटांना चिकट गोळे लागले. कणीक. एकदोन नव्हे, बादलीभर निघाली.

कणीक म्हटल्यावर माझी मान आपोआप स्वयंपाकघराकडे वळली.

शेवंताबाई तिथं नऊ वर्षं स्वयंपाक करत होत्या. इंदापूर तालुक्यातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. आता मेंढरं राहिली नव्हती, पण आवाज तोच होता. त्यांनी हाक मारली की साठ मुलं एका रांगेत बसायची. मी एक गोळा पिशवीत घालून त्यांच्यापुढे ठेवला.

"बाई, एवढी कणीक रोज वाया जाते?"

त्यांनी गोळा हातात घेतला, दाबला, वास घेतला आणि परत पिशवीत टाकला.

"सायेब, ही माजी कणीक न्हाय."

"मग कुणाची? इथं दुसरं स्वयंपाकघर आहे का?"

"ते मला ठाऊक न्हाय. पर माज्या कणकेत मीठ असतंय, वरनं त्येलाचा हात असतोय. ही नुसती पाण्यात भिजिवल्याली हाय. हिची चपाती केली तर पोरं जेवायची न्हाईत."

"टाकीत पडल्यावर मीठ विरघळतं, बाई."

"आन त्येल?"

मी वही काढली आणि लिहायला लागलो. उत्तर नसलं की मी लिहायला लागतो, ही नोकरीतली सवय.

मग मी मुलांना रांगेत उभं करून विचारलं, "अन्न कोण टाकतं?" साठ जणांनी एका सुरात सांगितलं, "कुणीच न्हाय!" ते खरं होतं. ताटात शीत ठेवणारं पोर तिथं सापडलं नसतं.

तिथंच बसून मी महाराजांना रिपोर्ट दिला. एका पानाचा. त्यातली दोन वाक्यं मला अजून पाठ आहेत. "स्वयंपाकघरातून कणकेची मोठ्या प्रमाणावर नासाडी होत आहे. स्वयंपाकी सहकार्य करत नाहीत."

महाराज साधे. कागदावर आलेलं त्यांना खरंच वाटायचं. त्यांनी शेवंताबाईंना बोलावून रिपोर्ट वाचून दाखवला. समज द्यावी एवढाच त्यांचा हेतू होता. शेवंताबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पदराला हात पुसले, कोठीची किल्ली महाराजांच्या टेबलावर ठेवली.

"नऊ वर्सं पोरांला खाऊ घातलं. नासाडी कराय मी काय पाटलीण हाय व्हय?" एवढं म्हणाल्या आणि दुपारच्या एसटीनं गावी गेल्या.

मी टाकीचं फीड, म्हणजे रोजची बादली ओतणं, बंद केलं, चुन्याची निवळी घातली, ताजं शेण कालवून ओतलं. योगायोगानं त्याच आठवड्यात दिवाळीची सुट्टी लागली आणि मुलं घरी गेली. सुट्टीत पीएच हळूहळू सातावर आला. शेगडी निळ्या ज्योतीनं पेटली. मी लॉगबुकमध्ये लिहिलं, "उपाययोजना यशस्वी."

मुलं परत आली. नवा आचारी आला. त्याच्या चपात्यांबद्दल मुलं काही बोलत नव्हती, पण सोपाननं एकदा विचारलं, "काका, चपाती निळ्या बादलीत टाकायची ना? ही कुजंल असं वाटत न्हाय."

पंधरा दिवसांत टाकी पुन्हा आंबली.

आता खरं तर माझं डोकं चालायला हवं होतं. शेवंताबाई नव्हत्या, तरी कणीक होती. मी स्वतःला सांगितलं, जुनी साचलेली असेल. बत्तीस वर्षांच्या अनुभवी माणसाला स्वतःला फसवायला फारसा वेळ लागत नाही.

मी नेहमी सकाळी स्कूटरवर जायचो आणि अकराच्या आत परतायचो. मोतीबिंदूमुळे दिवेलागणीनंतर मला गाडी चालवायची भीती वाटते. त्या दिवशी मात्र चुना आणायला पुतण्याची गाडी मिळाली आणि संस्थेत पोचायला संध्याकाळ झाली. हरिपाठाला अजून अवकाश होता. मोठ्या खोलीत पखवाजाचा वर्ग चालू होता. वीस-बावीस मुलं एकदम वाजवत होती. मी चपला काढून दाराशी बसलो.

वर्ग संपला. प्रत्येक मुलानं पखवाज उभा केला, डाव्या बाजूच्या कातड्यावरून ओल्या कणकेचा पोळीएवढा थर खरवडला, त्याचा गोळा केला. मग रांगेनं येऊन, माझ्या सूत्राची चाल गुणगुणत, एकेक गोळा हिरव्या बादलीत टाकला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला प्रत्येक वेळी ताजी कणीक लावतात. त्याशिवाय त्याचा आवाज घुमत नाही. वाजवून झालं की ती काढून टाकतात. पहाटे, मी पोचायच्या आत, एकदा आणि संध्याकाळी एकदा. हे मी लहानपणापासून गावच्या भजनात पाहत आलो होतो. पण ते देवळात. टाकीशी त्याचा संबंध असेल, हे मनात आलं नाही.

"सोपान, ही कणीक कुठली?"

"घरची. समद्यांच्या ट्रंकंत पिठाचा डबा असतोय. वाद्याचं पीठ कोठीतनं घेत न्हाईत."

"आधी कुठं टाकायचात?"

"गोठ्यातल्या गाईला घालायचो. पर तुमीच म्हणाला ना, कुजतंय ते हिरव्या बादलीत. मग गाईचं बंद केलं."

"मी विचारलं होतं ना, अन्न कोण टाकतं?"

सोपाननं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "काका, हे अन्न न्हाय. हा पखवाज हाय."

त्या क्षणी मी आत जाऊन महाराजांना सांगायला हवं होतं. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावला आणि भिंतीवर आणखी एक ओळ रंगवून घेतली. "पखवाजाची कणीक गाईला." खाली कारण काही लिहिलं नाही. महिन्याभरात टाकी ठणठणीत झाली. बंद झालेला खुराक परत मिळाल्यानं गायही खूश झाली. महाराज म्हणाले, "काका, किती बारीक विचार करता हो तुम्ही!" मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

आजूबाजूच्या संस्था टाकी बघायला येऊ लागल्या. एका कार्यक्रमात मला शाल आणि नारळ मिळाला. शाल कपाटात ठेवताना बायको म्हणाली, "एवढं लोकांनी कौतुक केलंय, आणि तुम्ही घरात चोरासारखे का वावरताय?" मी म्हटलं, पित्त झालंय. दीड वर्ष मी त्याच पित्तावर काढलं.

मग इंदापूरला एका लग्नाला गेलो. मंगल कार्यालयात पंगत बसली होती. वाढपी चपात्या घेऊन आले. एक हात माझ्या ताटावर थांबला.

"घ्या सायेब. मीठ बगा बराबर हाय का. न्हायतर रिपोर्ट करा."

शेवंताबाई. केटरिंगवाल्याकडे काम करत होत्या. पंगत उठल्यावर मी मागे भांड्यांपाशी गेलो आणि सगळं सांगितलं. पखवाज, ट्रंका, गाय, भिंतीवरची ओळ, शालसुद्धा.

त्या पातेलं घासत राहिल्या. "मला त्याच दिशी कळलं हुतं. एसटीत बसल्या बसल्या."

"मग सांगितलं का नाही?"

"मिठाचं सांगितलं तवा तुमी काय लिवलं? सहकार्य करत न्हाय. पोरांचं सांगितलं असतं, तर पोरांवर लिवलं असतं. ती बिचारी तुमचंच ऐकत हुती."

"मी माफी मागतो, बाई."

"हितं भांड्यांपाशी कशाला? कागदावर लिवलं हुतं न्हवं? कागदावरच लिवा. आन समद्या पोरांम्होरं वाचा. नऊ वर्सांचा हात माजा, त्यास्नी कळू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संस्थेत गेलो. महाराजांना सांगितलं. त्यांनी जुना रिपोर्ट काढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "काका, मीसुद्धा नुसता कागद वाचला. बाईंना नाही विचारलं. शाल परत घेत नाहीत, पण हे वाचाच." शेवंताबाईंना आणायला त्यांनी स्वतःची गाडी पाठवली.

संध्याकाळी हरिपाठानंतर मी साठ मुलांसमोर उभा राहिलो. नवा रिपोर्टही एकाच पानाचा होता. "कणकेची नासाडी स्वयंपाकघरातून झाली नव्हती. ती माझ्या सूचनेमुळे झाली. स्वयंपाकी शेवंताबाई यांनी मला खरं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. खरं कळल्यावर दीड वर्ष मी लपवलं." शेवंताबाई स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

महाराजांनी फाइलमधून जुना रिपोर्ट काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला.

"सायेब, ह्ये कुजतंय का?"

"कुजतं."

"मग हिरव्या बादलीत?"

"टाकीत नको. कागदानं इनलेट तुंबतो. खताच्या खड्ड्यात चालेल."

साठ मुलं हसली. त्या मात्र हसल्या नाहीत. सोपानला हाक मारून म्हणाल्या, "जा रं, खड्ड्यात टाक. आन वर माती वड."

लगीनसराई संपल्यावर शेवंताबाई परत आल्या. कोठीची किल्ली पुन्हा त्यांच्याकडे आहे, आणि आता हिरवी बादलीही. बादलीत काय पडलं ते त्या बघतात आणि मला फोनवर सांगतात. मी लिहून घेतो. मुलं त्यांना माऊली म्हणतात. मला अजून काकाच म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

आजही एखादी संस्था मला टाकी बसवायला बोलावते. मी पट्टी, पीएच वगैरे नंतर काढतो. आधी स्वयंपाकघरात जाऊन बसतो आणि बाईंना विचारतो, "इथं आणखी कुणाकुणाला पीठ लागतं?" बायका हसतात. पण उत्तर त्यांना माहीत असतं.