परतीचा डबा

वीरेशचा फोन येऊन आठ दिवस झाले, तरी ती एक गोष्ट विशाखाच्या डोक्यातून जात नव्हती. नागसेनने तारा जोडायची सोल्डर गन हातात धरणं सोडलं होतं.

पोराने जेवण सोडलं असतं, तर काय करायचं ते कोणत्याही आईला सुचलं असतं. दारू धरली असती, तर ओरडता आलं असतं. पण ज्याचे हात सातव्या वर्षापासून कधी रिकामे राहिले नाहीत, त्याने हात मांडीवर ठेवून बसायचं ठरवलं, तर आईने नांदेडला बसून करावं तरी काय?

वीरेशचं लातूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. नागसेन चार वर्षांपासून त्याच्याकडे कामाला होता. वीरेश म्हणाला होता, "काकू, पोरगं टायमात येतंय, टायमात जातंय. पण कामाच्या टेबलावर बसंना. काउंटरला बसून कव्हर विकून राहिलाय. कोणी बोर्डाचं काम आणलं की म्हणतो, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. ह्याच्या हातासाठी उदगीरहून लोक येत होते माझ्याकडं."

"बाप गेलाय त्याचा," विशाखा म्हणाली.

"ते मला ठाऊक हाय की. माझाबी गेला. पण हे कायतरी येगळं हाय, काकू. तुम्ही एकदा विचारा त्याला."

तिने विचारलं होतं. नागसेन म्हणाला, "काही नाही, आई." जेवलास का? "हाव." घरी कधी येतोस? "बघू." फेब्रुवारीपासून माय-लेकरांचं बोलणं एवढ्यावरच आलं होतं.

नागसेन सात वर्षांचा असताना व्यंकटरावांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. काळी पेटी, वरून खोचायच्या रंगीत कॅसेटी आणि वायर असलेले दोन रिमोट. व्यंकटराव रेल्वेत गेटमन होते, धर्माबादच्या पलीकडे एका फाटकावर. आठवड्यातून एक दिवस नांदेडला घरी असायचे आणि त्या दिवशी बापलेक रणगाड्यांचा खेळ लावायचे. पिवळा रणगाडा बापाचा, हिरवा पोराचा. विटांच्या आड एक पाखरू असायचं, ते दोघांनी मिळून जपायचं. व्यंकटरावांना हे फार पटायचं. "गेट सांभाळण्यासारखंच हाय हे. कोणाला आत सोडायचं न्हाई," म्हणायचे. आणि दर वेळी चुकून स्वतःच विटा फोडायचे.

"बाबा! आपल्याच भिंतीला गोळ्या मारून राहिलाव!"

"अरे, मी खिडकी पाडून राहिलो. हवा नको का पाखराला?"

विशाखा स्वयंपाकघरातून ओरडायची, "एक पन्नाशीचा होत आला, एक सात वर्षांचा. मला दोन लेकरं झालीत."

रिमोटची वायर तुटली की नागसेन ती दातांनी सोलून जोडायचा. दहाव्या वर्षी त्याने पेटी उघडली. व्यंकटराव रागावले नाहीत. घराच्या पायरीवर बसून शेजाऱ्यांना सांगत सुटले, "आमच्या नागानं उघडलीबी अन् बंदबी केली. अन् स्क्रू एकबी उरला न्हाई!" पुढे डिप्लोमा, मग लातूरची नोकरी. घरात सपाट टीव्ही आला तरी व्यंकटरावांनी जुना डब्यासारखा टीव्ही मोडीत घालू दिला नाही. त्याच्यावरच गेम चांगला दिसतो, हे त्यांचं कारण. खोलीचा अर्धा कोपरा त्या टीव्हीने अडवलेला होता.

गेल्या नोव्हेंबरात व्यंकटरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. "अं" आणि "हं" एवढंच उरलं. व्यायामवाल्या पोरीने दाबायला रबराचा चेंडू दिला, तो त्यांनी डाव्या हाताने भिंतीवर फेकला. दिवसभर पलंगावर पडून त्या बंद टीव्हीकडे बघत राहायचे. भेटायला आलेल्या नागसेनने एक गोष्ट पाहिली, जी विशाखाला इतक्या दिवसांत दिसली नव्हती. टीव्हीकडे बघताना त्यांचा डावा अंगठा गोधडीच्या काठावर हलत होता. उजवीकडे, डावीकडे, वर.

"आई, हे खेळून राहिलेत," तो म्हणाला.

त्याने जुना रिमोट त्यांच्या हातात दिला. पण जुन्या रिमोटला डाव्या हाताने रणगाडा फिरवायचा आणि उजव्या हाताने गोळी मारायची असते. व्यंकटरावांनी डाव्या अंगठ्याने रणगाडा फिरवला. मेलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग रिमोट खाली ठेवून भिंतीकडे तोंड केलं.

त्याच दिवशी नागसेनने ठरवलं. हल्लीच्या नव्या रिमोटला डाव्या बाजूलाच एक दांडी असते, अंगठ्याने फिरवायची, आणि मागच्या अंगाला डाव्याच बोटांखाली दोन बटणं असतात. फिरवणं आणि गोळी, दोन्ही एका हातात बसवता येतं. अडचण एवढीच, की नवा रिमोट जुन्या पेटीला जोडता येत नाही. मधे एक जोडणी लागते आणि ती बाजारात मिळाली असती तरी एका हाताच्या माणसासाठी कोणी बनवलेली नव्हती.

विशाखाला कळावं म्हणून त्याने फोनवर समजावून सांगितलं होतं. "जुनी मशीन सेकंदाला साठ वेळा विचारते, कोणतं बटण दाबलं? तिची भाषा येगळी, नव्या रिमोटची येगळी. मधे दुभाषी पाहिजे. बाबा गेटवर तेलगूवाल्या ड्रायव्हरांचं अन् आपल्या लोकांचं भांडण मिटवायचे ना, तसा."

"आणि हा दुभाषी कुठे मिळतो?"

"मी बनवून राहिलो."

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. दुकान बंद झाल्यावर तो त्याच टेबलावर बसायचा. मेलेल्या रिमोटची वायर कापून त्यातल्या पाच तारा मीटर लावून ओळखल्या. पहिला बोर्ड जळाला, कारण जुन्या पेटीची वीज त्याला झेपली नाही. दुसऱ्या बोर्डावर रणगाडा आपोआपच पळत सुटला. या सगळ्यात नागसेनचं नांदेडला येणं कमी झालं. दोन महिन्यांत चार वेळा. विशाखा विचारायची तेव्हा म्हणायचा, "अजून जमंना, आई." पुढे तिने विचारणं सोडून दिलं.

दर शनिवारी मात्र डबा जायचा. फराळाचा मोठा गोल स्टीलचा डबा, त्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एखादी कोरडी भाजी. सकाळच्या लातूर गाडीचा ड्रायव्हर रामलिंग तो नेऊन द्यायचा आणि पुढच्या शनिवारी परत आणायचा. विशाखाने नागसेनला लहानपणापासून एक शिकवलं होतं: कोणाचा डबा रिकामा परत करू नये. काही नसलं तर चिमूटभर साखर टाकावी. नागसेनने ते कधी चुकवलं नाही. लातूरहून परत आलेल्या डब्यात कधी दोन पेरू असायचे, कधी खारे दाणे, एकदा तर नुसता एक लिमलेटचा गोळा. विशाखा स्थानकावरून घरी आली की चप्पल काढायच्या आधी डबा उघडायची.

एका शनिवारी उघडला नाही.

त्या पहाटे व्यंकटरावांना धाप लागली होती. त्यांना दवाखान्यात ठेवून, शेजारच्या महादेवीला जवळ बसवून विशाखा कपडे आणि फाइल घ्यायला घरी निघाली. वाटेत बसस्थानकावर रामलिंगने हाक मारली. "ताई, डबा! पोरगं म्हणालं, उलटा करू नका." तिने डबा घेतला, घरी आली आणि पलंगाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात नागसेनचा फोन आला.

"आई, डबा मिळाला का?"

"मिळाला. ठेवला."

"बाबा काय म्हणाले?"

"बाबा काय म्हणणार, नागा? बोलता येतं का त्यांना? डॉक्टर बोलवून राहिलेत, ठेव."

दुसऱ्या दिवशी व्यंकटरावांना घरी सोडलं. पाच दिवस ते त्याच फळीखाली, त्याच पलंगावर पडून होते. अंगठा गोधडीच्या काठावर हलत होता. सहाव्या दिवशी पहाटे तो थांबला.

जलदान विधीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. भंतेजी गेले आणि कोणीतरी नागसेनला म्हणालं, "शेवटी जवळ नव्हतास का रे?" तेव्हा विशाखाच्या तोंडून ते गेलं. सगळ्यांसमोर गेलं.

"तो कशाला असेल जवळ? त्याला तारा जोडायच्या होत्या. ते जमलंही नाही, अन् बापाजवळ बसणंही जमलं नाही."

नागसेनने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने जुन्या टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीखालच्या गेमवर फडकं होतं तसंच होतं, त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. मग म्हणाला, "हाव, आई." दुसऱ्या दिवशी लातूरला गेला. जाताना म्हणाला, डबा पाठवू नको, मेस लावलीय.

आता एप्रिल उजाडला होता. चौदा तारखेला जयंती. दुःखाचं घर असलं तरी जयंतीला भिंतीला रंग लागलाच पाहिजे, असं महादेवीचं म्हणणं. ती लिंगायताची, पण दर वर्षी हिच्या भिंतीला ब्रश लावायला हजर. सोमवारी सकाळी दोघींनी फळ्या रिकाम्या करायला घेतल्या. महादेवीने डबा खाली दिला आणि म्हणाली, "ताई, ह्यात काय ठेवलाव? जड लागतोय."

विशाखाने झाकण काढलं. वर नागसेनचा जुना टॉवेल होता. टॉवेलात एक काळा नवा रिमोट आणि एक साबणाची प्लास्टिकची डबी. डबीच्या एका बाजूने जुन्या रिमोटची वायर बाहेर आलेली, टोकाला पेटीत बसणारा नऊ छिद्रांचा प्लग. डबीवर मार्करने लिहिलं होतं: बाबा. खाली वहीचा कागद होता.

"बाबा, जमलं. उजव्या हाताचं काहीच काम नाही. रणगाडा अंगठ्यानं फिरवा, गोळी मागच्या बटणावर. रिमोट मांडीवर ठेवा, घसरू नये म्हणून खाली स्पंज चिकटवलाय. चार्जिंगला मोबाइलचाच चार्जर लागतो. आई चिडेल, पण तिला म्हणावं एकदा लावून दे. दुसरा रिमोट कोणाला देऊ नका, पुढच्या रविवारी मी येतो. विटा फोडू नका. नागा."

विशाखा फरशीवर बसली. कागदावरची तारीख तिने तीनदा वाचली. महादेवीला काही समजेना, म्हणून विशाखाने कागद तिला दिला. महादेवीने अक्षरं लावत लावत वाचलं आणि पदर तोंडाला लावला.

"तो विचारत होता, बाबा काय म्हणाले," विशाखा म्हणाली. "मला वाटलं, तब्येतीचं विचारतोय. त्याला वाटलं, बाबांनी पाहिलं आणि बाजूला टाकलं. आणि वरून मी चारचौघांत…"

तिने कागद परत घेतला आणि घडीवर घडी घातली.

महादेवी म्हणाली, "ताई, एक सांगू? सांगून टाका त्याला, बाबा खेळले म्हणून. हसले म्हणून. कोण बघायला आलं होतं? पोरगं तरी उभं राहील."

विशाखाने रिमोट चार्जिंगला लावला. तासभर दोघी भिंत घासत राहिल्या. महादेवी जेवायला घरी गेल्यावर तिने गेमवरचं फडकं काढलं, प्लग बसवला, टीव्ही लावला. पडदा हळूहळू उजळला. साबणाच्या डबीत एक निळा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला.

ती पलंगावर व्यंकटरावांच्या जागी बसली. उजवा हात पाठीमागे घेतला. अंगठ्याने दांडी ढकलली, आणि पिवळा रणगाडा पुढे सरकला. मागचं बटण दाबलं, गोळी सुटली. एकदाही अडलं नाही. एका हाताच्या माणसाला जमावं इतकं सोपं होतं. तिला खेळता येत नव्हतं. तिने दोघांचा खेळ लावला होता हेही तिला उशिरा कळलं, कारण हिरवा रणगाडा होता तिथेच उभा होता आणि गोळ्या खाऊन पुन्हा तिथेच उगवत होता. तिची एक गोळी चुकली आणि पाखराच्या विटा फुटल्या. तेव्हा ती मोठ्याने रडली, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

महादेवीचं म्हणणं खोटं नव्हतं. बाबा खेळले, एवढं सांगितलं तर नागसेनचा हात उद्या टेबलावर जाईल. पण मग बाबा कसे बसले होते, किती वेळ खेळले, विटा फोडल्या का, हे तो विचारेल. आणि ती दर वेळी थोडं थोडं घडवत जाईल. समोरच्या भिंतीवर, रंगासाठी न काढलेल्या एकाच खिळ्याला, तथागतांचा फोटो होता. त्याच्यासमोर रोज संध्याकाळी ती आणि व्यंकटराव पंचशील म्हणायचे. त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं. झटका आल्यावरही व्यंकटराव त्या ओळीला "हं" म्हणायचे.

आणि दुसरंही होतं. खोटं सांगितलं, तर ती जलदानाच्या दिवशी जे बोलली ते तसंच राहील. नागसेन ते पोटात घेऊन फिरेल आणि ती आपली चूक फळीवर परत ठेवून देईल.

खरं सांगितलं तर तो कदाचित कधीच बोलणार नाही तिच्याशी. पाच दिवस, आई? बाबांच्या डोक्यावर? असं म्हणेल. म्हणू दे. पण त्याला हे तरी कळेल, की बापाने त्याची वस्तू नाकारली नव्हती. आणि ती चालते. पहिल्याच दमात चालते.

तिने टीव्ही बंद केला नाही. हिरवा रणगाडा अजून तिथेच उभा होता. दुपारी दोनला वीरेशचं दुकान जेवायला बंद होतं, हे तिला माहीत होतं. घड्याळात दोनला पाच मिनिटं कमी होती. तिने पहिलं वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं: नागा, तू पाठवलेला डबा मी आज उघडला. त्यापुढचं काही ठरवलं नाही. फोन उजव्या हातात घेतला आणि त्याचा नंबर लावला.