पोट माझं, पाठ मेहुण्याची

आमच्या तालमीतून धुळ्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेला एकच गडी पाठवायचा होता, आणि तो मीच, याबद्दल मला तरी शंका नव्हती. सन ऐंशीच्या पुढची गोष्ट. शाळा मी चौथीत सोडली. दिवसा जळगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी हलवायच्या आणि संध्याकाळी तालीम. अंग कमावलं ते भाकरीवर. गोळी नाही, सुई नाही. आमच्या उस्तादांची तशी अटच होती. त्यांना सगळे आबा म्हणायचे. "सुई टोचायची तर दवाखान्यात जा, इथं कशाला येतोस?" असं तोंडावर विचारायचे.

माझ्यासमोर दुसरा गडी होता तो माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, राहायला आमच्याकडेच. दंड माझ्याहून बारीक, छाती बेताची. मी त्याला म्हणायचो, "धुळ्याला जाऊन काय दाखवणार रे, बरगड्या?"

तो म्हणायचा, "दाजी, निदान दिसतात तरी."

स्पर्धेसाठी मी तूप सोडलं, भात सोडला, गूळ सोडला. केळीसुद्धा सोडली, आणि जळगावात केळं नको म्हटलं की लोक तब्येत विचारायला लागतात. गाल बसले. सासूबाईंनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, जावयांना काही दुखणं आहे का? मला तर ती शाबासकीच वाटली. आरशात पोटाच्या वड्या दिसत होत्या, अजून काय पाहिजे?

भरीत मात्र सोडलं नव्हतं. का सोडायचं? वांगं ही भाजी. हिवाळाभर शेतात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर कुटायची आणि वरून शेंगदाण्याचं तेल सोडायचं. ते तेल ताटाच्या कडेला उतरलं की मी भाकरीने पुसून घ्यायचो. अन्न वाया घालवायची मला सवय नाही.

बायको म्हणायची, "आवो, बठ्ठं तेल तुमनाच पोटमा जास ना!"

"सगळं तेल कुठलं? वांगं भाजलेलं आहे, तळलेलं नाही," मी तिला समजावून सांगायचो. मेहुणा त्याच पंगतीत बसून मुळा आणि कांद्याशी भाकरी खायचा. मला वाटायचं, पोरगा तिखटाला भितो.

निवडीच्या सकाळी आबांनी आम्हा दोघांना लंगोटावर खिडकीपाशी आडव्या उजेडात उभं केलं. मी लगेच दंड फुगवून पोट आवळलं.

"सोड," आबा म्हणाले. "श्वास सोड. आवळलेलं पोट फोटोत चालतं. आता पाठ फिरव."

मला हे पटलं नाही. एवढं पोट तयार केलं आणि बघणार काय, तर पाठ! पण आबांचं म्हणणं असं, की चरबी आधी गालावरून उतरते आणि कमरेमागून सगळ्यात शेवटी. गाल पाहून फसायचं नाही, तिथं बघायचं. त्यांनी मेहुण्याच्या कमरेमागे दोन बोटांनी चिमटा घेतला. हातात नुसती कातडी आली, कागदासारखी. मग माझा घेतला, आणि बराच वेळ सोडलाच नाही.

"गोधडी पांघरून आलास का रे?" म्हणाले.

तालीम हसली. मी म्हणालो, "आबा, उजेड त्याच्याकडे जास्त आहे."

"बरं, जागा बदला."

आम्ही जागा बदलली. आबांनी पुन्हा चिमटे घेतले. मग मी दाराशी चला म्हणालो. तेही त्यांनी ऐकलं. दाराशीसुद्धा गोधडी माझ्याच अंगावर निघाली.

"खातोस काय?"

"कोरडी भाकरी," मी ताठ मानेने सांगितलं, "आणि भरीत."

आबा मटकन बाकावरच बसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मेहुणा तेवढा हसला नाही, खाली बघत राहिला. घरी बहिणीच्या हातचं खायचं होतं त्याला.

धुळ्याला मेहुणा गेला. मीही गेलो, घरातला गडी एकटा कसा पाठवायचा? पारोळ्यापर्यंत एसटीत मी त्याच्याशी बोललो नाही. पुढे तो खिडकीतून मैलाचे दगड मोजायला लागला, तेव्हा बोलावंच लागलं. "घाबरतोस काय? तिथं सगळे भाकरीच खाणारे आहेत."

स्टेजमागे त्याच्या अंगाला तेल लावायचं काम माझ्याकडे आलं. खांदे झाले, पाठ झाली. कमरेपाशी हात आला आणि मी हळूच चिमटा घेतला. बोटांत काही येईना. जरा जोरात घेतला.

"आई गं! दाजी, काय करताय?"

"तेल जिरलं का बघतोय."

तेवढ्यात बाहेर त्याच्या नावाचा पुकारा झाला. तो वळून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला पाठीवर थाप मारून स्टेजकडे ढकललं आणि मागून ओरडलो, "पोट राहू दे, पाठ दाखव त्यांना!"