काळीपुढची गाऱ्हाणी

त्याला सगळे गवत्या म्हणत आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. डोक्यात, कानामागे, कोटाच्या खिशात, कुठे ना कुठे गवताची काडी अडकलेली असायचीच. घराच्या वरचा उतार इतका खडा की गाईचा पाय तिथे ठरत नाही. म्हणून हा पहाटेच विळा घेऊन वर जायचा, दोराचं एक टोक कमरेला बांधायचा, दुसरं खडकाला. उताराचे त्याने मनातल्या मनात पट्टे पाडले होते. एक कापायचा, बाकीच्यांना बी गळून पडेपर्यंत हात लावायचा नाही. लोक त्याच्या या चिकटपणाला हसत. मग एका वर्षी शेजारचा उतार हावरटासारखा सगळा एकदम कापला गेला आणि पावसाळ्यात तिथली माती घसरून रस्त्यावर आली. त्यानंतर कुणी हसलं नाही.

गवतातला हा राजा माणूस गाईखाली मात्र कधी बसला नव्हता. धार काढणं बायकोकडे. तो भारा घेऊन उतरेपर्यंत दुधाच्या किटल्या वळणावर डेअरीच्या गाडीपाशी पोचलेल्या असायच्या. घर लहान होतं, खाली गोठा आणि वर राहायची खोली. थंडीत गाईंच्या उबेने वरच्या फळ्या कोमट राहत. तो गवत आणी, काळी आणि तांबडी त्याचं दूध करीत, शेण बटाट्यांना जाई. त्या उतारावर गवताशिवाय भरवशाचं काही उगवतच नव्हतं, त्यामुळे गाई आहेत तोवर घर आहे, हे उघड होतं.

आणि अशात बायकोच्या बोटांनी संप पुकारला. सांधे सुजले, मूठ वळेना. यापुढे पिळणं-दाबणं बंद, असं डॉक्टरने बजावलं. खालच्या गावात राहणारी लेक धावत आली. आईची बोटं पाहून तिचे डोळे भरले आणि तिने निकालच देऊन टाकला.

"बाबा, गाई विकून टाका. व्यापाऱ्याला सांगितलंय मी, रविवारी येईल. तुम्ही दोघं माझ्याकडे चला."

"आणि तिथे मी काय करू?"

"आराम करा."

हा शब्द त्याला शिवीसारखा लागला. "रविवारपर्यंत मला धार काढता आली तर?"

"काळीनं दूध दिलं तर मी चकार शब्द काढणार नाही. तांबडी काय, आटतच आलीय."

लेक गेली. गवत्या बाह्या सरसावून बुटक्या स्टुलावर बसला. काळीने मान वळवून त्याला नीट पाहून घेतलं आणि पान्हा चोरला. वासराला ती पोटभर पाजायची, याचा हात कासेला लागला की दूध वर ओढून घ्यायची. त्याने हात गरम पाण्यात धुतले. बायकोची शाल पांघरली. तिचीच चरवी घेतली. अंगाला तिच्या साबणाचा वास यावा म्हणून तिच्या साबणाने आंघोळही केली. काळी ढिम्म. शनिवार उजाडेपर्यंत त्याच्या नाकी नऊ आले.

शेवटी त्याने हात टेकले. "अगं, तू शेजारी येऊन बस. माझं काय चुकतंय ते तरी सांग."

ती येऊन बसली. त्याने सड धरले, तिने बोटांची जागा दाखवली. तरी चरवी कोरडीच. ती उगाच शालीचं टोक चाळवत होती. या बाईला काहीतरी ठाऊक आहे आणि ती मूग गिळून बसली आहे, हे त्याने ओळखलं.

"तू करतेस आणि मी करत नाही असं काय आहे?"

"मी बोलते तिच्याशी."

"काय बोलतेस?"

"तुमच्याबद्दल."

"चांगलं?"

तिने शालीचं टोक सोडलं. मग त्याच्या गळ्याची शपथच घ्यावी लागल्यासारखं तोंड करून ती काळीकडे वळली. "आला बघ तो. ओले बूट घालून वर आला, आत्ताच फळ्या पुसल्या होत्या मी. आणि पाहुणे आले की तोच अस्वलाचा किस्सा. दर वेळी अस्वल थोडं वाढलेलं."

काळीने कान सैल सोडले. गवत्याच्या मुठीतून पहिली धार चरवीत वाजली. त्याला हसू फुटलं.

"हसू नका, परत चोरेल," ती म्हणाली आणि बोलत राहिली. मिठाचं, उघड्या दाराचं, घोरण्याचं. बोलता बोलता तिचा आवाज खाली आला. "बोटं आखडायची गं माझी. एका हातानं दुसरी मूठ सोडवायला लागायची. त्याच्यादेखत किटली दोन्ही हातांनी उचलायची मी. वाकलेली गवताची काडी त्याला लांबून दिसते. पण हात दुखतो का, असं त्या माणसानं एकदाही विचारलं नाही."

त्याचे हात थांबले.

"थांबू नका," ती म्हणाली.

त्याने धार पुरी केली. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी साधी, उघडीवाघडी लाज. वर आल्यावर त्याने कोमट पाण्याचं पातेलं भरलं आणि तिचे दोन्ही हात त्यात धरून बसला.

"दुखतंय?"

"दुखतंय," ती म्हणाली.

पाणी गार होईपर्यंत दोघं तसेच बसून होते.

रविवारी लेक आली, मागोमाग खांद्यावर दावं टाकून व्यापारी. "आई, तू वरच थांब. बाबांना एकट्यांना जमलं पाहिजे," लेक म्हणाली. ती आणि व्यापारी गोठ्याच्या दारात उभे राहिले.

गवत्या स्टुलावर बसला. काळीने सवयीने पान्हा चोरला. परक्या माणसापुढे आणि पोटच्या पोरीपुढे तोंड उघडणं त्याच्या जिवावर आलं, पण त्याने उघडलं. "आला बघ तो, ओले बूट घालून," तो पुटपुटला. व्यापाऱ्याने लेकीकडे पाहिलं. "तोच अस्वलाचा किस्सा सांगतो. अस्वल वाढत चाललंय." काळीने एक कान वळवला, तेवढंच. त्याने कपाळ तिच्या कुशीला टेकवलं.

"हात दुखतो का, असं त्या माणसानं एकदाही विचारलं नाही," तो म्हणाला. हे मात्र पुटपुटला नाही.

कास भरून आली. दोन्ही मुठींतून धारा सुटल्या, चरवीत फेस चढू लागला. लेकीने दारातूनच मान उंचावून चरवीत पाहिलं. मग तिने व्यापाऱ्याच्या खांद्यावरचं दावं उचलून त्याच्या हातात दिलं आणि त्याला अंगणाकडे वळवलं.

वर फळ्यांवर पावलं वाजली, थांबली आणि फटीतून बायकोचा आवाज आला.

"अहो, ते आता म्हणू नका. काल विचारलंत."