डुप्लिकेट काढून टाका!

मैत्रिणी विचारतात, "वर्षा, तुझ्याकडेच एवढे किस्से कसे गं?" त्यात माझं कर्तृत्व काही नाही. अकरा वर्षं एकाच हॉस्पिटलच्या आयटीत काढली आणि दर वेळी ओठांवर आलेली शिवी गिळली, की किस्से आपोआप साठतात! हे सगळे एकाच वर्षातले, आणि सगळे बॅकअपचे. ऐकताना तुम्ही हसाल. मी अजून हसलेले नाही.

*

वसईतलं आमचं खाजगी हॉस्पिटल. पेशंटच्या फायली, स्कॅन, सगळ्याची रोज एक प्रत वेगळ्या डिस्कवर जाते, तो बॅकअप. त्या वर्षी ती डिस्क भरत आली. मी आमच्या ॲडमिनिस्ट्रेटर देशमुख साहेबांना सांगितलं, "मोठी डिस्क घ्या, नाहीतर डीडुप्लिकेशनवालं सॉफ्टवेअर घ्या. एकच गोष्ट दहा ठिकाणी असेल तर ते ती एकदाच साठवतं. बाकी नऊ ठिकाणी नुसती खूण ठेवतं."

साहेब खूश. "म्हणजे डुप्लिकेट काढून टाकायचे! मग त्याला सॉफ्टवेअर कशाला?"

मला वाटलं, विनोद करतायत.

*

नव्हते करत! दुसऱ्या दिवशी सर्क्युलर निघालं: 'सर्व विभागांनी आपापल्या संगणकावरील डुप्लिकेट नोंदी त्वरित काढून टाकाव्यात.'

तीन दिवसांनी रेकॉर्ड सेक्शनच्या फिलोमिनाताई धापा टाकत माझ्याकडे आल्या. वीस वर्षं त्या सेक्शनमध्ये काढलेली बाई, अर्धे पेशंट चेहऱ्याने ओळखते. "वर्षा, सुनीता पाटील दोन होत्या. एक विरारची, एक नालासोपाऱ्याची. विरारवालीला पेनिसिलिन चालत नाही. आता दोघींची मिळून एकच फाइल उरलीय, आणि त्यात ॲलर्जीचा रकाना कोरा!"

त्या दिवशी विरारची सुनीता पाटील वरच्या मजल्यावर ॲडमिट होती. फिलोमिनाताई आधी जिना चढून वॉर्डात सांगून आल्या, मग माझ्याकडे. मी सर्क्युलरच्या आदल्या दिवसाचा बॅकअप काढला आणि सगळ्या फायली परत आणल्या. संध्याकाळ झाली.

साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बघा! जुना बॅकअप मस्त चालतोय की. मग नवीन कशाला?"

*

तरी सॉफ्टवेअर बघायचं ठरलं. विक्रेता आला. टाय, लॅपटॉप, पाढे पाठ. "मॅडम, एकास वीस! वीस डिस्कचा माल एका डिस्कवर!"

त्याच्या लॅपटॉपवर खरंच एकास वीस दिसत होतं. फोल्डर उघडून पाहिलं, तर एकच फाइल वेगवेगळ्या नावांनी कॉपी करून ठेवलेली!

मी आमचे आठवड्याचे सीटी स्कॅन त्याच्यापुढे ठेवले. "आता यावर चालवा." चालवलं. जेवढं आत गेलं, जवळपास तेवढंच बाहेर! कसं कमी होणार? प्रत्येक माणसाचं पोट वेगळं.

तो घाम पुसत म्हणाला, "मॅडम, तुमचा डेटाच बरोबर नाही!"

फिलोमिनाताई दारातून म्हणाल्या, "मग काय, सगळ्यांची हाडं एकसारखी मोडू?"

*

मधेच साहेबांनी एक सिक्युरिटी कन्सल्टंट आणला. तो म्हणाला, प्रत्येक फाइल आधी एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक भाषेत कुलूपबंद करायची, मग बॅकअपला पाठवायची. मी म्हटलं, "अहो, कुलूप लावलं की दोन सारख्या फायलीसुद्धा वेगळ्या दिसतात. सॉफ्टवेअर सारखेपणा ओळखणार कसा? आधी डीडुप करा, मग कुलूप लावा."

"मॅडम, तुम्हाला सिक्युरिटी कळत नाही."

त्याच्याच म्हणण्याप्रमाणे केलं, आणि आठवड्यात चाचणीसाठी लावलेली डिस्क गच्च भरली. त्याने साहेबांना रिपोर्ट दिला: 'डेटा अचानक वाढला आहे. बाहेरून हल्ला झाल्याची शक्यता!'

*

शेवटी कमिटी बसली. मी दोन पानं लिहून नेली होती. कागदपत्रं डीडुपमध्ये टाका, तिथे जागा भरपूर वाचते. स्कॅन साधेच ठेवा. साठवलेलं धड आहे का, याची दर आठवड्याला तपासणी करा. आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. कारण डीडुपमध्ये प्रत्येक तुकडा एकदाच असतो. तो नासला, की तीस दिवसांचे तीसही बॅकअप एकदम नासले!

देशमुख साहेबांनी पानं मिटली. "मॅडम, डुप्लिकेट काढायला सिस्टिम घेतोय, आणि तुम्ही तिचीच डुप्लिकेट मागताय?"

अख्खी कमिटी हसली. स्कॅनही डीडुपमध्ये गेले. तपासणीने सिस्टिम स्लो होते म्हणून ती बंद. मी खाली सर्व्हर रूममध्ये आले आणि टेबलावर असा हात आपटला, की दोन दिवस मनगट सुजलं होतं.

*

पुढे पावसाळ्यात स्कॅनचा मुख्य सर्व्हर गेला. मी बॅकअपमधून सगळं परत आणत होते, तेवढ्यात अर्नाळ्याचे बाळकृष्णकाका आले. होडीवरचा माणूस, बायकोच्या पोटात गाठ. मुंबईच्या डॉक्टरांना दोन वर्षांपूर्वीचा सीटी स्कॅन हवा होता. गाठ किती वाढली ते बघून ऑपरेशनचं ठरणार होतं.

तो स्कॅन उघडेना. कालचा बॅकअप पाहिला, आठवड्यापूर्वीचा पाहिला, तिसावाही पाहिला. प्रत्येकात तोच एरर, त्याच जागी!

साहेब खाली आले. "असं कसं? तीस बॅकअप आहेत ना आपल्याकडे?"

"तीस तारखा आहेत, साहेब. स्कॅन एकच होता."

बाहेर बाकावर काका वाट बघत होते. मी साहेबांना म्हटलं, "चला, तुम्हीच सांगा त्यांना." आले. 'टेक्निकल इश्यू', 'सिस्टिम अपग्रेड' असलं काहीबाही बोलायला लागले. मला ते ऐकवेना. मी मधेच म्हटलं, "काका, तुमचा स्कॅन आमच्याकडून हरवला. चूक आमची आहे."

काकांनी दोघांकडे पाहिलं. मग मांडीवरची प्लॅस्टिकची पिशवी उघडली. आत दुसरी पिशवी, ती जाळ्याच्या दोरीने घट्ट बांधलेली. गाठ सोडून त्यांनी काळ्या फिल्म बाहेर काढल्या. अगदी नव्यासारख्या!

"फिलमा हायत माझ्याकडं. डॉक्टर बोलला सीडी असली तर बरी, म्हनून आलतो. या चालतील ना?"

"चालतील काका, नक्की चालतील. पण जपून न्या हं, आता ही एकच प्रत..."

"एक कशी?" काका म्हणाले. "तवाच दोन काढून घेतल्या. दुसरी पोरीकडं हाय, नायगावला. घरात पानी शिरलं तर?"