मालकाची गाठ

आदरणीय राठोड साहेबांची आणि माझी पहिली ओळख भांडणानेच झाली. मारेगावच्या कार्यालयात मी नवीन रुजू झाले होते आणि साहेब आमचे लेखाधिकारी होते. चार गावांच्या नळयोजनेचा निधी एका सहकारी बँकेत होता. त्यापोटी बँकेने सरकारी रोखे तारण दिले होते. ‘रोखे आमच्याच तिजोरीत सुरक्षित आहेत’ असे बँकेचे पत्र मी मोठ्या ऐटीत साहेबांपुढे ठेवले.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “मॅडम, बकरी तारण घेतली अन् बांधली त्याहीच्याच खुंट्याले? उद्या त्यायनं कापून खाल्ली तं आपण काय दोरी चाटाची?”

अस्सा राग आला! पण साहेबांनी ते रोखे यवतमाळच्या दुसऱ्या बँकेत, आमच्या कार्यालयाच्या नावाने ठेवायला लावले. आमच्या सोडपत्राशिवाय त्यांना कोणी हात लावू शकणार नव्हते. त्यासाठी एसटीने दोन खेपा झाल्या. वाटभर मी साहेबांना मनातल्या मनात काय काय म्हटले, ते इथे लिहिण्याजोगे नाही.

साहेब केळापूरजवळच्या तांड्यावरचे. त्यांचे पणजोबा बैलांवरून लोकांचे धान्य वाहून नेत. “बैल आपला, वाट आपली, पण गोणीची गाठ मालकानं मारेल असते. थे आपण सोडाची नाही,” हे साहेब इतक्यांदा ऐकवत, की आमच्या लेखाशाखेत तारणाला ‘गाठ’च म्हणू लागले.

आणि तीच गाठ मी सोडली. साहेब लेकीच्या लग्नासाठी रजेवर होते, पदभार माझ्याकडे होता. बँकेचे व्यवस्थापक आले. माणूस गोड, त्यात माझ्या माहेरचा. “जुने रोखे आधी सोडा ताई, नवे आठवड्यात आणून देतो.” भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. मी सोडपत्रावर सही केली, शिक्का मारला आणि पत्र जावकाच्या ट्रेमध्ये ठेवले.

दुसऱ्या दिवशी साहेब रुजू झाले. चौथ्या दिवशी बँकेवर निर्बंध आले. बँकेच्या दारात ही गर्दी! चार गावांचे पाणी माझ्या एका सहीने गेले होते. यवतमाळला फोन लावला.

“रोखे आहेत ना मॅडम, जसेच्या तसे. तुमचं सोडपत्र आमच्याकडे आलंच नाही.”

हुश्श! मी तिथेच सगळ्यांसमोर रडले. साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले, “जावकात एक भलतंच पत्र दिसलं होतं. मले वाटलं, टायपिंगची चूक असन. ठेवून देल्लं.” पुढे रोखे विकून निधी परत आला, नळ सुरू झाले. आढावा बैठकीत वरिष्ठांनी कौतुक केले, तेव्हा साहेब उभे राहून म्हणाले, “गाठ मॅडमनं राखली.” मी मान खाली घालून बसले.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी माझ्या हाती एक लिफाफा दिला. आत तेच पत्र होते. “फाडून टाका,” म्हणाले. मी फाडले नाही. ते माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, गोड बोलणारा कोणी आला की आधी त्या पत्राकडे पाहते.

साहेब, आपल्या साठीनिमित्त हे चारचौघांत सांगून आज मोकळी झाले. आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आता आपल्या साखरेची गाठ काकूंच्या हाती आहे. त्यांच्या सहीशिवाय ती सोडू नका. आणि हो, गाठ आपणच राखली होती.